झाकली मूठ आणि सैनिकाचे हृदय

वाचकहो, आपल्या मराठीत एक म्हण आहे : झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्या घरांतून ही म्हण फार पाळली जाते. दुखले खुपले तर चारचौघांत सांगू नये, घरची अडचण अंगणापलीकडे जाऊ देऊ नये, असे आपल्या आज्यांनी आपल्याला शिकविले. पण जगात एक जागा अशी आहे की तिथे मूठ झाकून ठेवणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. ती जागा म्हणजे माजी सैनिकाच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरविणाऱ्या डॉक्टरांची खोली. शाळेच्या सुट्टीत आम्ही इंग्लंडमध्ये वॉटफर्ड येथे एका नातलगांकडे राहून आलो, तेव्हा ही गोष्ट आम्हांस जवळून कळली. आपल्या बेटावरची पुष्कळ मुले आजही ब्रिटिश सैन्यात जातात, म्हणून ती येथे मांडावीशी वाटते.

लंडनच्या युस्टन स्थानकातून आगगाडीने वीसएक मिनिटांत वॉटफर्ड येते. गाव हर्टफर्डशायर परगण्यातले. आमचे हे नातलग वयाने मोठे, म्हणून आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांची आई परिचारिकेचे शिक्षण घेण्यास आपल्या बेटावरून तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. दादा तिथल्याच शाळेत शिकले, १९८३ साली ब्रिटिश पायदळात भरती झाले आणि एकवीस वर्षे नोकरी करून २००४ साली बाहेर पडले. आज त्यांच्या हृदयाचा स्नायू दुबळा झाला आहे. पण बाहेरून पाहणाऱ्यास त्याची काहीच खूण दिसत नाही. ताठ पाठ, चकचकीत बूट, रोजची दाढी. माणूस खडखडीत दिसतो.

पहिल्याच आठवड्यात दादा आम्हांस गावातले युद्धस्मारक दाखवायला घेऊन गेले. मेरी पाउनॉल ब्रोमेट या शिल्पकार बाईंनी घडविलेल्या कांस्याच्या तीन मूर्ती तेथे आहेत. एक युद्धात पडलेल्यांसाठी, एक विजयासाठी आणि एक जखमी झालेल्यांसाठी. स्मारकाचे अनावरण १९२८ साली झाले. आधी ते गावच्या शांतता स्मारक रुग्णालयासमोर होते, नंतर नगरभवनाजवळ आणले. घरापासून तिथवर पंधरा मिनिटांची वाट. दादा वाटेत तीनदा थांबले. एकदा बुटाची नाडी बांधायला, एकदा दुकानाच्या काचेत पाहायला, एकदा आम्हांला एक झाड दाखवायला. नाडी सुटलेली नव्हती हे आमच्या ध्यानात आले, पण आम्ही बोललो नाही. तिसऱ्या मूर्तीपुढे उभे राहून ते म्हणाले, "जखमी कोणाला म्हणायचे? ज्याची जखम दिसते त्याला. माझी जखम शर्टाच्या आत आहे."

पुढची हकीकत वहिनींनी सांगितली.

टक्के कसे ठरतात

प्रथम हा नियम काय आहे ते समजून घेऊ. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २००५ ही तारीख महत्त्वाची. त्या तारखेपूर्वीच्या नोकरीमुळे जो आजार किंवा इजा झाली असेल तिला जुनी युद्ध-पेन्शन योजना लागू होते. त्या दिवसापासूनच्या नोकरीला सशस्त्र दलांची नवी भरपाई योजना लागू होते. दोन्हींचा हिशेब निराळा आहे.

जुन्या योजनेत शेकडा प्रमाण ठरते. अपंगत्व वीस टक्क्यांहून कमी असेल तर एकरकमी पैसे देऊन प्रकरण मिटते. वीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर नियमित पेन्शन सुरू होते आणि तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही. म्हणजे एकोणीस आणि वीस यांच्यामध्ये एका टक्क्याचे नव्हे, तर उरलेल्या आयुष्याचे अंतर असते. मोजमापाची कसोटी अशी, की या माणसाची तुलना त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या निरोगी माणसाशी करायची. त्याची कमाई किती घटली हे या तुलनेत धरायचे नाही.

काही इजांचे टक्के तर छापील तक्त्यातच दिलेले आहेत. हाताचा अंगठा गेला तर तीस. तर्जनी पुरी गेली तर चौदा. दुसरा डोळा चांगला असून एक डोळा गुंतागुंतीवाचून गेला तर चाळीस. पण या तक्त्यात हृदय कुठेच नाही. बोट मोजता येते. हृदयाच्या बाबतीत मात्र वैद्यकीय अधिकाऱ्याला कागदपत्रे, तपासण्या आणि रुग्णाचे सांगणे यांवरून अंदाज बांधावा लागतो. या तिन्हींपैकी तिसरी गोष्ट पूर्णपणे आपल्या तोंडात असते.

आणखी एक बाब. नोकरी सोडल्यापासून सात वर्षांच्या आत मागणी केली, तर आजार नोकरीमुळे झालेला नाही हे सरकारला निःसंशय सिद्ध करावे लागते. सात वर्षांनंतरही मागणी करता येते, तिला शेवटची तारीख नाही. परंतु मग पारडे फिरते. विश्वासार्ह पुराव्याच्या आधारे निदान वाजवी शंका तरी उभी करण्याचे काम सैनिकावर येते. शंका उभी राहिली तर तिचा फायदा त्याला मिळतो.

नवी योजना याहून कडक आहे. तीत टक्के नाहीत. एक ते पंधरा अशा पायऱ्या आहेत आणि पहिली पायरी सर्वांत गंभीर. मागणी साधारणपणे सात वर्षांच्या आत करावी लागते. उशिरा प्रकट होणाऱ्या आजारांना सवलत आहे. आजाराचे मुख्य कारण नोकरीच होती, हे अधिक संभवनीय म्हणून पटवून द्यावे लागते. तंबाखू किंवा दारूमुळे झालेला आजार तर सरळ वगळला जातो. हृदयविकाराच्या रुग्णाला सिगारेटचा प्रश्न का विचारतात, हे यावरून कळावे.

बुटांना पॉलिश आणि जिन्याच्या पायऱ्या

आता दादांची गोष्ट. १९९९ साली एका सरावाच्या वेळी त्यांना सडकून ताप आला होता. ताप उतरला न उतरला तोच ते पाठीवर ओझे घेऊन पुन्हा धावू लागले. कोणी जबरदस्ती केली नव्हती, मागे राहण्याची लाज त्यांना वाटली. छातीत दुखले तेव्हा हृदयाचा आलेख काढला गेला, त्यात दोष आढळला आणि काही आठवडे विश्रांती देण्यात आली. नंतर सगळे विसरले. दादाही विसरले. विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते तेव्हा श्रम करणे घातक असते, आणि त्यातून काहींचा स्नायू पुढे कायमचा दुबळा होतो, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितले ते थेट २०१६ साली, जिना चढताना दम लागून ते खाली बसले तेव्हा.

मागणी केली तेव्हा सात वर्षे कधीच उलटून गेली होती. पुरावा हवा होता. तो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात निघाला. नोकरी सोडताना वैद्यकीय कागदांच्या प्रती घ्याव्यात असे एका जुन्या हवालदाराने सांगितले होते, म्हणून दादांनी त्या घेतल्या आणि डब्यात टाकल्या. त्यात १९९९ चा तो आलेख आणि त्याखालचा शेरा होता. त्याच्या बळावर आजाराचा नोकरीशी असलेला संबंध मान्य झाला.

मग टक्के ठरविण्यासाठी तपासणीला बोलावणे आले. वहिनी म्हणाल्या, "मी येते." दादा म्हणाले, "लहान मूल आहे का मी?" आदल्या रात्री त्यांनी बुटांना पॉलिश केले. सकाळी कोटावर पदक लावले. त्या इमारतीत पाळणा असूनही दोन मजले पायऱ्यांनी चढले, आणि दम लागलेला दिसू नये म्हणून वरच्या पडवीत दहा मिनिटे खिडकीबाहेर पाहत उभे राहिले. नाव पुकारले तेव्हा श्वास जागेवर आला होता. डॉक्टरांनी विचारले, चालता येते का? येते. किती? हवे तितके. झोप? उत्तम. घरची कामे? सगळी करतो.

डॉक्टरांचा यात काय दोष? त्यांनी विचारले ते दादांनी सांगितले, आणि सांगितले ते त्यांनी लिहिले. निकाल आला वीस टक्क्यांच्या खाली. एकरकमी पैसे आणि आभाराचे पत्र. वहिनींनी ते पत्र टेबलावर ठेवले आणि दोन दिवस त्या दादांशी बोलल्या नाहीत.

आम्ही शिक्षक आहोत. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. मुलाच्या डोक्यात काय आहे याला गुण देता येत नाहीत, कागदावर काय आहे यालाच देता येतात. हुशार मुलगा कोरा कागद देऊन गेला तर आपल्याला वाईट वाटते, पण गुण देता येत नाहीत. दादा त्या दिवशी कोरा कागद देऊन आले होते.

शंभर वर्षांची अडचण

न दिसणाऱ्या या दुखण्याची अडचण काही आजची नाही. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर डॉक्टर जेकब डा कोस्टा यांनी १८७१ साली सैनिकांच्या चिडखोर हृदयाविषयी लिहिले होते. धडधड, छातीत कळ, थोड्या श्रमाने थकवा, आणि तपासावे तर हाती काही लागत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात असे सैनिक हजारोंनी निघाले. त्यांच्यासाठी १९१६ साली लंडनच्या हॅम्पस्टेड भागात, जुन्या माउंट व्हर्नन रुग्णालयाच्या इमारतीत, खास लष्करी हृदय-रुग्णालय उघडण्यात आले. त्या माउंट व्हर्ननची नॉर्थवुड येथील शाखा आजही वॉटफर्डपासून काही मैलांवर उभी आहे आणि बसने जाताना दादांनी ती आम्हांस दाखविली.

हॅम्पस्टेडला जेम्स मॅकेन्झी आणि थॉमस लुईस हे मोठे हृदयतज्ज्ञ होते. तोवर कानाला नळी लावून हृदयात काही आवाज ऐकू आला की सैनिकाला आजारी ठरवीत, आणि ऐकू आला नाही की कामचुकार ठरवीत. लुईस यांनी वेगळा मार्ग धरला. सैनिकांना चढत्या क्रमाने कवायत द्यायची आणि कोणाला किती झेपते ते पाहायचे. १९१८ साली त्यांनी या विषयावर पुस्तकच लिहिले. हृदयाचा आवाज कसा आहे यापेक्षा ते किती काम करू शकते हे पाहा, हा त्यांचा मुद्दा आज सर्वत्र मान्य आहे.

अमेरिकेत तर माजी सैनिकांच्या हृदयविकाराची टक्केवारी सरळ याच मापाने ठरते. स्वस्थ बसलेल्या माणसाला जितका प्राणवायू लागतो त्याला एक मेट म्हणतात. सपाट रस्त्यावर बेताने चालण्यास साधारण तीन मेट लागतात. तीन किंवा त्याहून कमी मेटच्या कामालाच दम लागत असेल तर शंभर टक्के. तीनच्या पुढे पाचपर्यंत साठ टक्के, पाचच्या पुढे सातपर्यंत तीस, आणि सातच्या पुढे दहापर्यंत दहा टक्के. ज्याला चालपट्ट्यावर चालविता येत नाही, त्याच्या बाबतीत डॉक्टर रोजच्या कामांवरून अंदाज करू शकतात. शिवाय व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी औषधाशी संबंध आलेल्या सैनिकांचा रक्तपुरवठ्याच्या दोषाने होणारा हृदयविकार २०१० पासून नोकरीमुळेच झाला असे तेथे गृहीत धरतात. उच्च रक्तदाबाची त्यात भर पडली ती २०२२ च्या कायद्याने.

आपल्या पूर्वजांच्या देशात, भारतात, नियम आणखी निराळा आहे. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या काही गावांतून पुष्कळ माणसे फौजेत असतात, त्यामुळे तेथे हा प्रश्न घरोघरी पोचलेला आहे. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगीच भरती झाला असे मानावे आणि पुढे जडलेल्या आजाराबाबत संशयाचा फायदा त्याला द्यावा, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धर्मवीर सिंह यांच्या खटल्यात ठरविले. टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचीही पद्धत आहे. पन्नासच्या आतले प्रमाण पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तर हे पंचाहत्तर, आणि त्यापुढचे शंभर. हा लाभ पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळावा असा निर्णय २०१४ साली राम अवतार यांच्या खटल्यात झाला. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी मात्र तेथे नवे नियम लागू झाले आहेत. तेव्हा ज्याने त्याने आपली निवृत्तीची तारीख पाहूनच चौकशी करावी.

तीन देश, तीन मापे. पण तिन्हीकडे एक गोष्ट समान आहे. माप कोणतेही असो, मापणाऱ्याला काही तरी दाखवावे लागते.

वहिनींची वही

वॉटफर्डच्या घरी परत येऊ. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मुलीची एक जुनी शाळेची वही घेतली आणि दादांना न विचारता लिहायला सुरुवात केली. रोज दोन-तीन ओळी. दाढी खुर्चीवर बसून केली. आंघोळीनंतर वीस मिनिटे पलंगावर पडून. रात्री तीन उशा घेतल्या, तरी दोन वाजता उठून बसले. दुकानापर्यंत जाताना दोनदा थांबले. पाय सुजले, मोज्याचा वळ उमटला. नातवाला उचलून घेतले नाही, पाठ दुखते असे सांगितले. अशी दोन महिने वही भरली.

मग त्यांनी ती दादांपुढे ठेवली. दादांनी वाचली आणि म्हणाले, "हे सगळे लोकांना दाखवणार?" वहिनी म्हणाल्या, "लोकांना नाही, डॉक्टरांना. यात एक तरी ओळ खोटी असेल तर खोडा." दादांनी पेन घेतले, पुन्हा वाचले आणि एकही ओळ खोडली नाही. वहिनींनी आम्हांस ही गोष्ट सांगितली तेव्हा दादा शेजारच्या खोलीत होते. ऐकत असावेत, कारण रेडिओ बंद झाला होता.

फेरविचाराची मागणी केली. या वेळी वहिनी बरोबर गेल्या, पदक घरी राहिले आणि वर जाताना पाळणा घेतला. चालता येते का, या प्रश्नाला दादांनी उत्तर दिले, "येते, पण पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत. मग थांबावे लागते." हृदयाच्या पडद्यावरील तपासणीचा नवा अहवालही जोडला होता. निकाल चाळीस टक्क्यांचा आला. त्यातून घराचे हप्ते फिटले नाहीत, पण दादांनी रात्रपाळीची पहारेकऱ्याची नोकरी सोडली. वहिनींना तेवढेच हवे होते.

आपल्या वाचकांसाठी

यावरून आपण काय घ्यावे? आपल्या बेटावरचे हजारो जवान दुसऱ्या महायुद्धात पायोनियर कोरमधून उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत गेले होते. आमच्या घरातूनही एक आजोबा गेले होते. त्यांची कागदपत्रे १९६० च्या कॅरोल वादळात छपराबरोबर उडून गेली, आणि पुढे त्यांचा दमा कशाचा याला पुरावा उरला नाही. म्हणून पहिली गोष्ट ही, की नोकरी सोडताना वैद्यकीय नोंदींच्या प्रती मागून घ्याव्यात आणि त्या दोन ठिकाणी ठेवाव्यात. बिस्किटांचा डबा चालेल, पण तो कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट, तारीख पाहावी. ६ एप्रिल २००५ च्या आधीची नोकरी असेल तर जुन्या योजनेखाली आजही मागणी करता येते, मग माणूस वॉटफर्डला राहो की वाक्वाला. नंतरची नोकरी असेल तर सात वर्षांचा हिशेब विसरू नये.

तिसरी, निकाल पटला नाही तर गप्प बसू नये. फेरविचार मागता येतो, आजार वाढल्यास पुन्हा अर्ज करता येतो, आणि स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपीलही करता येते. मात्र अपिलाची मुदत निकालपत्रात वाचून लगेच वहीत टिपून ठेवावी. रॉयल ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संस्था या कामी विनामूल्य मदत करते.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. खोटे बोलू नये, वाढवून सांगू नये. पण लपवूही नये. चांगल्या दिवसाचे सांगावे तसेच वाईट दिवसाचेही सांगावे, आणि महिन्यात वाईट दिवस किती येतात तेही सांगावे. जो माणूस सोबत राहतो त्याला बरोबर न्यावे, कारण आपण कुठे थांबतो हे आपल्यापेक्षा त्याला जास्त दिसते. फौजेत सहन करणे हा गुण असतो. त्या खोलीत तोच गुण आपल्या विरुद्ध साक्ष देतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा दादांबरोबर गावात गेलो. वाटेत ते थांबले. आम्ही सवयीने त्यांच्या बुटांकडे पाहिले. दादा हसले आणि म्हणाले, "नाडी नाही. दम लागला आहे. जरा थांबू या." आणि आम्ही दोघेही तेथेच भिंतीला टेकून थांबलो.